डॉक्टर कुठायत?

मैत्रिणी जमल्या की मी हे किस्से सांगते आणि सगळ्या पोट धरून हसतात. एकेक सुटा सांगितला तर गंमतच आहे. पण ओळीनं सांगायला लागले की माझंच डोकं तापतं!

शाहूपुरीत माझा जनावरांचा दवाखाना आहे. डॉक्टर मी. दत्तूमामा माझे कंपाउंडर. मामा धिप्पाड, झुपकेदार पांढऱ्या मिशा, सोनेरी काडीचा चष्मा. मी बुटकी, अंगात कुर्ता, पाठीवर सॅक. बास! बघणाऱ्याचा निकाल तिथंच लागतो.

*

कोडोलीत एक म्हैस अडली होती. मालक पळत आला आणि मामांच्या हातातली बॅग घेतली. "या डॉक्टर! आन ह्या पोरीला कशाला आणलंय चिखलात?"

"आवो, ह्याच डॉक्टर हायत," मामा म्हणाले.

"व्हय व्हय," म्हणत त्यानं मामांनाच खुर्ची दिली.

रेडकाचा पाय आत दुमडला होता. खांद्यापर्यंत हात घालून, घामानं निथळत मी तो सरळ केला. रेडकू ओढून काढलं. जिवंत! मालकाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो तडक खुर्चीकडं गेला आणि त्यानं मामांचे पाय धरले.

"डॉक्टर, तुमच्या हाताला यश हाय बघा!"

मामा खुर्चीत चहा पीत होते.

*

एक गृहस्थ कुत्रं घेऊन आले. उंदराचं औषध खाल्लेलं.

"टेबलावर ठेवा," मी म्हटलं.

"साहेब येऊ देत की."

साहेब, म्हणजे मामा, कोपऱ्यावर मिसळ खायला गेलेले! कुत्रं थरथरतंय आणि हे दाराकडं बघत उभे. शेवटी मी ते त्यांच्या हातातून अक्षरशः हिसकावलं, ओकारी करवली, सलाइन लावलं. संध्याकाळी त्यानं शेपूट हलवलं.

गृहस्थ खूश. म्हणाले, "साहेबांकडनं चांगलं शिकून घेतलंय की तुम्ही!"

*

आणखी एक शिकलेले, गोड बोलणारे. "मॅडम, आमच्या घरात बाई-पुरुष असला भेद अजिबात नाही. माझी मुलगी इंजिनिअर आहे!" मला बरं वाटलं. मी सिरिंज भरली.

"इंजेक्शन तेवढं सरांना द्यायला सांगा हां."

*

यात मामांचं काय झालं, ते ऐका. सगळं गाव 'डॉक्टर, डॉक्टर' करतंय म्हटल्यावर मामांची चाल बदलली. आवाज खाली आला. एकदा मी आत आले तर मामा एका शेळीच्या पोटाला स्टेथोस्कोप लावून डोळे मिटून बसलेले!

"मामा, हे काय?" मी ओरडलेच.

मामा ओशाळले. "मॅडम, आधी मी न्हाय न्हाय म्हणायचो. कोण ऐकतच न्हाय. आता सकाळी आरशात बघितलं की मलाच वाटतंय, असंन बाबा!"

*

आणि हे मागच्या महिला दिनाचं. एका दूध संस्थेनं मला 'उत्कृष्ट महिला पशुवैद्य' पुरस्कार जाहीर केला. मामा पिशवी धरायला सोबत. नाव पुकारलं, हलगी कडाडली, आम्ही दोघं स्टेजवर चढलो.

चेअरमननी फेटा उचलला आणि थेट मामांच्या डोक्यावर बांधायला घेतला.

"आवो, मी न्हाय! ह्या! ह्या!" मामा जीव तोडून ओरडत होते. हलगीपुढं कुणाला काय ऐकू येतंय? फेटा झाला, शाल झाली, नारळ झाला. 'महिला पशुवैद्य' लिहिलेली ट्रॉफी मामांच्या हातात, चेहरा रडवेला.

मी तावातावानं पुढं झाले. तेवढ्यात चेअरमन माझ्याकडं वळले.

"ओ ताई, जरा बाजूला सरा की. फोटोत येतायसा!"