साडीच्या सावलीतला मटार

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग सांगतो. मधेच हसलात की माझा धागा सुटतो आणि चहा गार होतो तो वेगळाच!

तर मंडळी, एक गोष्ट माझ्याकडून शिकून ठेवा. बायको घरी नसताना माणसाने काहीही करावं, शेती करू नये.

आमची सुनंदा गौरी-गणपती उरकून पुण्याला गेली, मुलाकडे. नात झाली होती. "बाळ जरा सावरलं की येते," म्हणाली. मग म्हणाली, दिवाळीत सून एकटी पडेल. मग तुळशीचं लग्नही तिकडेच लागलं. मग बाळाला सर्दी झाली. आता बाळाच्या सर्दीशी कोणी भांडायचं, सांगा!

फोन रोज व्हायचा.

"जेवलात का?"

"जेवलो."

"काय केलंत?"

"आमटी-भात."

"बरं."

"बरं."

संपला फोन! ठेवल्यावर मग मला एकेक आठवायला लागायचं. की घर फार मोठं वाटतं. की कुकरच्या शिट्ट्या होत राहतात आणि मी आपला बसलेला, कोणीतरी गॅस बंद करील म्हणून. की चहा अजून दोन कपांचाच होतो. पण हे फोनवर म्हणायचं कसं? आमच्या पिढीतल्या पुरुषाने बायकोला 'करमत नाही' म्हणणं म्हणजे भर बाजारात पायजम्याची नाडी सुटणं!

तेव्हा मी ठरवलं, बोलायचं नाही. मटार लावायचा.

मटारच का? तर सुनंदा सासवडकडची. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण दर हिवाळ्यात तिचं एकच पालुपद. "थंडी कशी असावी? सकाळी शेतात जावं, दवाने पाय भिजावेत, वेलावरची शेंग तोडून तिथंच फोडून खावी. तुमच्या रत्नागिरीत थंडी येते ती आंब्याच्या मोहोराला भेटायला. माणसांना भेटतच नाही मेली!"

माझा बेत साधा होता. मटाराला शेंगा धरल्या की फोटो पाठवायचा. खाली एक अक्षर लिहायचं नाही. समजायचं ते ती समजेल.

आता आमचं घर पडलं कातळावर. मागच्या अंगणात कुदळ मारली तर ठिणगी उडते, माती निघत नाही. म्हणून गादीवाफे करायचे ठरवले. पडक्या गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे, जांभ्याचे चिरे उचलले, लांबट चौकोनात रचले, आणि आत शेणखत, पालापाचोळा आणि शेजारच्या शांतीकाकींच्या परसातली लाल माती भरली. असे चार वाफे. चांगले माणूसभर लांब, गुडघाभर उंच. कमरेचा काटा ढिला झाला, पण वाफे असे देखणे झाले म्हणता!

काकी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत होत्या. मग डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडले.

"कोणाच्या रे समाध्या?"

"समाध्या कसल्या काकी! भाजीचे वाफे आहेत!"

"असा होय? मला मेलीला वाटला, घरातल्या चौघांची तू आधीच सोय करून ठेवलीस."

इथेच शहाणा माणूस थांबला असता. मी बियाण्याच्या दुकानात गेलो.

"थंडीतल्या भाज्या ना?" दुकानदार उत्साहात म्हणाला. "मुळा न्या, लाल माठ न्या, पालक न्या. हवा तर थोडा नवलकोल."

"मटार द्या."

"काका, आपल्याकडचं दुपारचं ऊन..."

"मटार."

"बरं, एका वाफ्यात मटार लावा, उरलेल्या तीन वाफ्यांत..."

"चारही वाफ्यांत मटार."

खोकल्याला औषध म्हणून मी आइस्क्रीम मागतोय, अशा नजरेने त्याने पुड्या बांधल्या.

आणि मटार उगवला हो! इवलीइवली हिरवी पानं. मी सकाळी उठलो की तोंड धुवायच्या आधी वाफ्यांवर हजर. पण त्यांच्याबरोबर आणखीही काहीतरी उगवलं. लालभडक, दाट, माजोरडं. काकींच्या मातीतून आलेला लाल माठ! माझ्या मटाराचं खतपाणी तो गट्ट करणार? मी तो रोज मुळासकट उपटायचो आणि काकींच्या टोपलीत टाकायचो. काकी तोंडभरून आशीर्वाद द्यायच्या. का देणार नाहीत? फुकटची कोवळी भाजी, तीही घरपोच!

पण दुपार झाली की मटार माना टाकायचा. डिसेंबर लागला तरी आमच्याकडची दुपार म्हणजे दुपारच. मी काठ्या रोवल्या. वर घालायला काय? कपाट उघडलं. सुनंदाच्या साड्या. पहिली घडी काढली तसा तिच्या कपाटाचा तो वास आला, आणि मी ती साडी हातात धरून किती वेळ उभा होतो ते विचारू नका.

मग साड्या पाण्यात भिजवून वाफ्यांवर ताणल्या. चौथ्या वाफ्याला सुती साडी पुरेना, तेव्हा तिची जांभळी इरकल घेतली. खाली गारेगार सावली! मटार ताठ उभा राहिला. मी शेजारी स्टूल टाकून बसायला लागलो. कोणी नसलं की त्याच्याशी चार शब्द बोलायचोही. हसू नका! झाडं ऐकतात म्हणे.

झाडांचं माहीत नाही, काकी ऐकत होत्या. त्यांनी सरळ पुण्याला फोन लावला. "सुनंदा, तू आलीस की काय गो? तुझ्या साड्या रोज मागे ओल्या दिसतात. आणि हा कोणाशी तरी गोड गोड बोलत असतो."

संध्याकाळी सुनंदाचा फोन. 'जेवलात का' नाही, काही नाही.

"घरी कोण आलंय?"

"कोण येणार?"

"मग माझ्या साड्या कोण धुतंय?"

"धुत नाही गं, मी नुसत्या भिजवतो."

"का?"

आता आली पंचाईत! बेत तर फोडायचा नव्हता. मी म्हटलं, "अजून लहान आहेत ना. ऊन सोसत नाही त्यांना."



"कोण लहान आहेत?"

"ते तू आलीस की बघशीलच. साडी घातली की काय गप्प राहतात! माझ्याशिवाय आहे कोण त्यांना?"

 मग अगदी हळू, नातीला निजवताना बोलते ना, तशा आवाजात ती म्हणाली, "अहो, दार लावून घ्या. कुठे जाऊ नका. मी उद्याच्या गाडीने येते."

येते! मंडळी, मी स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. ओळखलंन वाटतं मटाराचं! मग एकदम आठवलं, शेंगा कुठायत? टॉर्च घेऊन चारही वाफे धुंडाळले. फुलं चारदोन, आणि शेंग एक. तीही चपटी.

दुसऱ्या दिवशी ती रिक्षातून उतरली. चेहरा पांढराफटक. माझ्याकडे नीट बघितलं, कपाळाला हात लावून ताप पाहिला, आणि तडक मागच्या अंगणात गेली.

चार समाध्या. त्यांवर चार साड्या.

"माझी इरकल!" एवढंच तिच्या तोंडून निघालं. मग तिने साडीखाली वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आणि चिऱ्यावर बसून अशी हसायला लागली, अशी हसायला लागली, की हसता हसता पदराने डोळेच पुसायला लागली.

"हा मटार? माझ्यासाठी?"

मी मोठ्या मानाने ती एकुलती एक शेंग तोडून तिच्या हातावर ठेवली. तिने फोडली. आत नखाएवढे दोन दाणे. एक तिने खाल्ला, एक मला दिला. गोड होता हो!

"काय सांगू तुम्हाला," ती म्हणाली, "दादाने सासवडहून पोतंभर मटार पाठवला पुण्याला. सोलून सोलून नखं हिरवी झाली माझी. उसळ मटाराची, भात मटाराचा, करंजी मटाराची! वीट आला. तिथं रोज वाटायचं, कधी एकदा घरी जाते आणि आपल्या इथला लाल माठ, वर ओलं खोबरं घालून, गरम भाताबरोबर खाते."



कुंपणापलीकडून काकी रिकामी टोपली घेऊन डोकावल्या. "काय रे, आज माठ नाय उपटलास?"

सुनंदाला सगळं कळलं. ती रागावली नाही, तेच जास्त लागलं. चिऱ्यावरची माती हाताने झटकत म्हणाली, "एवढे दगड उचललेत, कंबर मोडून घेतलीत. त्यापेक्षा फोनवर नुसतं 'ये' म्हणायचं होतंत. एक अक्षर आहे हो!"

आता बघा, माझ्या मनात सगळं तयार होतं. कुकर, दोन कप चहा, कपाटाचा वास, सगळं. घसा खाकरला, तिच्याकडे बघितलं आणि म्हणालो,

"रेंज नव्हती."