परब सरांचा संशय

परब सर बाजारात जाताना खिशात स्प्रिंगचा काटा ठेवत. कोळणीने तोललेली सुरमई तिच्या डोळ्यांदेखत पुन्हा तोलत, आणि वजन बरोबर भरलं की काट्याकडेच संशयाने बघत. "माका पटणा नाय," हे त्यांचं पालुपद. चारकोपला त्यांच्या घरी आम्ही बारावीची आठ पोरं फिजिक्सच्या शिकवणीला जायचो. कोणाचं गणित सुटलं की सरांचा पहिला प्रश्न, "कोणाचं बघून लिहिलंस?"

एकदा त्यांनी फळ्यावर लिहिलं, वेग प्रकाशाच्या जवळ गेला की इलेक्ट्रॉनचं वस्तुमान वाढतं. मी सहज विचारलं, "सर, मीपण त्याच्या बाजूने तेवढ्याच वेगाने धावले, तर मला तो जड वाटेल का? नाही ना? मग वाढलं काय?"

सरांनी हातातला खडू माझ्यावर रोखला. "कुठल्या क्लासने पाठवलं तुला?" मी स्टेशनजवळच्या क्लासला चोरून जाते आणि त्यांची परीक्षा घ्यायला आलेय, असं ते धरूनच चालले. माझी वही मिटून हातात दिली. "उद्यापासून तिकडेच जा."

घरी आई म्हणाली, "काहीतरी केल्याशिवाय सर हाकलतील का?" फिजिक्सचं पुस्तक मी उघडायचंच बंद केलं. बारावीनंतर सायन्स सोडलं, कॉमर्सला गेले. आता मुलुंडला राहते, विमा कंपनीत आहे. त्या माणसाचा राग मात्र कधी गेला नाही.

गेल्या वर्षी अचानक फोन आला. "परब बोलतोय. घरी येऊ का?" वीस वर्षांनी सरांना मी कशी आठवले? मला काही ते बरोबर वाटेना. नवरा म्हणाला, नातवाला चिकटवायचं असेल तुझ्या ऑफिसात. मलाही तसंच वाटलं.

सर काठी टेकत आले. चहात साखर किती, हे दोनदा विचारून घेतलं. आता मागतील, मग मागतील, म्हणून मी वाट बघत बसले.

"तो प्रश्न परत विचार," सर म्हणाले.

"कुठला, सर?"

खरंच विसरले होते मी. सरांनी तो शब्दन् शब्द म्हणून दाखवला.

"वाढते ती ऊर्जा," ते म्हणाले. "इलेक्ट्रॉनचं स्वतःचं वस्तुमान तेवढंच राहतं. चंद्रावर नेला, गुरुत्वाकर्षण कमी झालं, तरी तेवढंच. तिथे माझा काटा खोटं बोलेल, इलेक्ट्रॉन नाही. पण मी सांगतो म्हणून मानू नको. तपासून बघ."

मग खाली मान घालून म्हणाले, "तेव्हा मला माहीत नव्हतं गं. आणि तू दुसऱ्या कुठल्या क्लासला जात नव्हतीस, तेही आठ दिवसांत कळलं होतं. मी तिथे जाऊन विचारून आलो होतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाने. "मग परत का नाही बोलावलंत?"

सरांनी कप खाली ठेवला.

"तू आली असतीस, तर पुन्हा विचारलं असतंस."