एल्बोताईचं लायसन्स

माझी मधली मावशी नळाच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. मागे भिंतभर लाकडी खण, त्यांत एल्बो, टी, कपलिंग, वॉशर, कॉक. पुढे हातात मोडका तुकडा धरून उभं असलेलं गिऱ्हाईक. "असलंच एक द्या," एवढंच त्या बिचाऱ्याला सांगता यायचं. मावशी तो तुकडा बोटांत फिरवायची आणि मागे न बघता नेमक्या खणात हात घालायची. गर्दी वाढली की दोन्ही कोपरं काउंटरवर रोवून ती एकेकाला रांगेला लावायची, म्हणून तिथे येणाऱ्या प्लंबर लोकांनी तिचं नाव ठेवलं एल्बोताई. तिलाही ते आवडायचं.

एकदा एक वयस्क बाई दुकानात आल्या. स्वयंपाकघरातला नळ गळत होता आणि त्यांनी त्याला चिंधी बांधून ठेवली होती. घरी एकट्याच राहायच्या, अनोळखी माणसाला आत घ्यायचा धीर होत नव्हता. मावशीने वॉशर काढून दिला आणि तो कसा बसवायचा ते हातवारे करून समजावलं. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"तुम्हाला एवढं कळतंय, मग तुम्हीच या की," त्या म्हणाल्या.

"मी फक्त विकते हो," मावशी म्हणाली.

बाई वॉशर घेऊन निघून गेल्या. मावशीच्या मात्र ते मनाला लागलं. दुसऱ्या कुणी टोमणा मारला असता तर तिने तिथल्या तिथे परत केला असता. पण हे तिचं स्वतःचंच वाक्य होतं.

जेवताना तिने घरी जाहीर केलं, "मी प्लंबरचं लायसन्स काढणार आहे."

तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, शिवणकाम करतात. मोजूनमापून बोलणारा माणूस. ते म्हणाले, "काढ." सासूबाईंनी मात्र घास खाली ठेवला.

"आधी आपल्या बाथरूमचा नळ बघ. आमचं लग्न झालं तेव्हापासून टपटपतोय म्हटलं तरी चालेल."

तिथेच मेख होती. मावशीने आयुष्यात एकही नळ बसवला नव्हता. सामानाशी तिची तोंडओळख होती, घरोबा नव्हता.

परीक्षेला बसायचं तर आधी कुणा लायसन्सवाल्याच्या हाताखाली काम करावं लागतं. दुकानात येणाऱ्यांत सगळ्यात जुने होते मिस्त्री. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांची कामं कमी झाली होती. बेसिनखाली एकदा वाकले की उठवायला दोन माणसं लागायची. मावशीने त्यांना विचारलं. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं नाही की ते हसले नाहीत.

"लायसन्स माझं, गुडघे तुमचे," ते म्हणाले. "जमतंय का बघा."

दुकानाच्या मालकाने कुरकुर करत तिला अर्धा दिवस मोकळा करून दिला आणि मावशीचं शिक्षण सुरू झालं. पहिल्याच कामात ती एका बेसिनखाली उताणी झोपली, नट सोडला आणि वर्षानुवर्षं साचलेलं काळं पाणी थेट तिच्या तोंडावर आलं. मिस्त्री स्टुलावर बसून होते.

"बादली आधी, नट नंतर," ते म्हणाले. "हे मी सांगून कुणाला कळत नाही. एकदा तोंड धुतलं की कळतं."

पाना कसा धरायचा, आट्यांवर टेप कुठल्या बाजूने गुंडाळायची, सांडपाण्याच्या पाइपाला उतार किती द्यायचा, हे हळूहळू हातात उतरत गेलं. रबरी तळव्यांचे बूट आले. काकांनी जाड कापडाची एक पँट शिवून दिली, तिला इतके खिसे होते की मावशी काही शोधायला लागली की वाटायचं स्वतःलाच गुदगुल्या करतेय.

घराचे मात्र हाल झाले. सरावासाठी तिने बाथरूम पार खोललं. सगळ्यांनी स्वयंपाकघरात तांब्याने तोंडं धुतली. एकदा बेसिनचा गरम नळ गार झाला आणि गार नळातून काहीच येईना. सासूबाईंनी त्यावर काही बोलायचं बाकी ठेवलं नाही. पण लेखी परीक्षेचं पुस्तक घरात आल्यावर त्यांनीच चष्मा लावून ते पुढ्यात ओढलं. मटार सोलता सोलता प्रश्न विचारायच्या.

"ट्रॅपमध्ये पाणी कशाला साठवून ठेवायचं?"

"गटाराचा वास वर येऊ नये म्हणून. पाण्याचा पडदाच तो."

"मग आपल्याकडे येतोय तो कसला वास?"

"तो ट्रॅप मी काढून ठेवलाय, आई."

"लाव. मग पुढचा प्रश्न."

लेखी परीक्षा मावशी चांगल्या गुणांनी पास झाली. आठवडाभर घरात आनंदाला ऊत आला होता. मग आली हातकामाची परीक्षा.

एक लांबलचक शेड, प्रत्येकासमोर लाकडी फळी. फळीवर ठरलेल्या नकाशाप्रमाणे पाइप जोडायचे, नळ बसवायचे आणि शेवटी पंपाने त्यात पाणी दाबून भरायचं. दाबाचा काटा खाली आला तर कुठेतरी गळती. सगळ्या शेडमध्ये मावशी एकटीच बाई. काम छान चाललं होतं. तेवढ्यात मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "शेवटचा आटा आवळायला मिस्टरांना बोलवा." दोघंतिघं हसले. मावशीने मागे वळून पाहिलं नाही. पण पाना घट्ट धरला आणि दाखवतेच म्हणून जोर लावला. कट्‌ असा आवाज झाला. पाइप जोडायचा प्लास्टिकचा सॉकेट उभा चिरला होता.

परीक्षक भला माणूस होता. त्याने चिरेवरून बोट फिरवलं, मान हलवली आणि पुढच्या फळीकडे गेला.

घरी येऊन मावशीने हत्यारांची पिशवी कपाटावर टाकली. दुसऱ्या दिवशी काउंटरवर प्लंबर लोकांनी विचारलं तेव्हा तिने आडपडदा ठेवला नाही. "फुटला. मीच फोडला." त्यानंतर ती मिस्त्रींकडे फिरकलीच नाही. शेवटी मिस्त्रीच काठी टेकत दुकानात आले. त्यांनी खणातला एक प्लास्टिकचा सॉकेट आणि पाइपचा तुकडा मागून घेतला, आणि दोन्ही तिच्याच पुढे सरकवले.

"बसवा."

मावशीने टेप गुंडाळली, हाताने फिरवलं, मग पाना लावला. एक फेरी, थोडं आणखी, आणि थांबली.

"का थांबलात?"

"हाताला कळलं."

"मग परीक्षेत का नाही कळलं?"

"तेव्हा माझं लक्ष हातात नव्हतं, मिस्त्री. मागे कोण हसतंय तिकडे होतं."

"मग त्याचाच सराव करा," मिस्त्री म्हणाले. "प्लंबिंग तुम्हाला येतं."

आता दुसऱ्यांच्या हसण्याकडे लक्ष न द्यायचा सराव करायचा कसा? उपाय घरातच निघाला. मावशीने बाथरूममध्ये फळी लावली आणि सासूबाईंना मागे खुर्ची टाकून दिली. काम इतकंच, मावशी आवळायला लागली की खोचक बोलायचं. हे त्यांना शिकवावं लागलं नाही.

"नळ बसवतेस की खिळा ठोकतेस?"

"आमच्या लहानपणी नळच नव्हते, पण गळायचे तरी नाहीत."

"अगं, पाइप आहे तो, नवऱ्याचा कान नव्हे."

सुरुवातीला मावशीचा पाना घसरायचा. एकदा तर तिने तो खाली ठेवून खरोखरच भांडण काढलं, आणि काकांना शिवण टाकून मध्ये पडावं लागलं. पण काही दिवसांनी असं झालं की सासूबाई बोलून बोलून दमल्या आणि मावशी तंद्रीत काम करत राहिली. "ऐकतेस का?" त्यांनी विचारलं. "काय म्हणालात, आई?" मावशीने खरंच विचारलं. सासूबाई उठल्या आणि चहा करायला गेल्या.

पुढच्या वेळी पुन्हा तीच शेड, तशीच फळी. मागे पुन्हा कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. सासूबाईंच्या मानाने ते इतकं मिळमिळीत होतं की मावशीला त्याची कीव आली. एकेक जोड ती हाताच्या कलाने आवळत गेली. परीक्षकाने पंप मारला. काटा वर चढला, थांबला आणि मग अगदी सावकाश, केसभर खाली सरकला.

"वेळ आहे अजून," परीक्षक म्हणाला. "शोधा."

तिने फडक्याने सगळे जोड कोरडे केले आणि एकेकावरून बोट फिरवत गेली. कोरडं, कोरडं, कोरडं. मागच्या बाजूच्या युनियनपाशी, म्हणजे दोन पाइप जोडणाऱ्या नटापाशी, बोटाला गार लागलं. थेंबसुद्धा नव्हता, नुसता ओलावा. तिने दाब सोडला, आधी खाली बादली ठेवली आणि जोड उघडला. टेप उलट्या दिशेने गुंडाळली गेली होती, आवळताना गोळा होऊन एका कडेला साचली होती. तिने आटे ब्रशने साफ केले, नव्याने टेप घेतली आणि आवळलं. हाताला कळलं तिथे थांबली.

पुन्हा पंप. काटा वर गेला आणि तिथेच उभा राहिला. परीक्षकाने काचेवर टिचकी मारून बघितली. काटा ढिम्म हलला नाही.

"बाहेर बसा," तो म्हणाला, आणि मग जरा थांबून, "चहा घ्या तोवर."

लायसन्स हातात आलं तेव्हा काकांनी ते उजेडात धरून दोनदा वाचलं. सासूबाईंनी त्यावरचा फोटो बघून तोंड वाकडं केलं आणि मग शेजारीपाजारी सगळ्यांना नेऊन दाखवलं.

मावशीने स्वतःच्या सहीवर घेतलेलं पहिलं मोठं काम लहान मुलांच्या एका शाळेचं होतं. हात धुवायची जुनी रांग काढून नवी बसवायची होती, आणि बेसिनं इतकी खाली की काम रांगत रांगतच करावं लागलं. मिस्त्री सोबत आले होते, लहान मुलांच्या खुर्चीवर कसेबसे मावले होते आणि नुसते बघत होते. शेवटच्या दिवशी मावशीने मुख्य कॉक फिरवला. नळ आधी खोकले, फुर्र करून हवा सोडली, तांबूस पाणी आलं आणि मग स्वच्छ धार लागली. ती सगळ्या नळांखालून हात फिरवत गेली.

शाळेच्या मुख्य बाई दारात उभ्या होत्या. "पुढे काही झालं तर जबाबदारी कुणाची?" त्यांनी सवयीने मिस्त्रींकडे बघत विचारलं.

मिस्त्रींनी काठीचं टोक मावशीकडे केलं.

"माझी," मावशी म्हणाली.

"मग वरच्या मजल्याचंही तुम्हीच बघून घ्या," बाई म्हणाल्या. तोवर मुलांचा लोंढा आत घुसला होता. एकाने नळ पुरता सोडला आणि मावशी कमरेपर्यंत भिजली. ती पाना शोधायला खिशांवर हात मारत सुटली, आणि मुलं तिच्याकडे बघून खदखदून हसत होती.