काकांना आईच्या पाया पडायला लावलं

आज दारव्ह्याला बाबांची दशक्रिया झाली.

लकव्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या आईची वेणी बाबा पंचाहत्तरी ओलांडल्यावरही रोज घालायचे. आम्हा बहिणींचे शाळेचे डबेही त्यांनीच केले. काका त्यांना चारचौघांत "बायकोचा नोकर" म्हणायचे.

आज पिंडाला कावळा शिवेना. काका म्हणाले, "पोरी, काही इच्छा राह्यली असन भाऊची."

मी मोठ्याने म्हटलं, "हो काका. तुम्ही आईच्या पाया पडावं, एवढीच."

सगळे बघत होते. काकांनी हात जोडले. "पडतो बाप्पा."

कावळा आला. काका घरी येऊन खरंच वाकले.

बाबांनी कधीच कुणाचा राग धरला नाही. इच्छा माझी होती, नाव त्यांचं लावलं. धाकधूक होतेय, पण पश्चात्ताप नाही. तुम्ही गप्प बसला असता?