फौजीणकाकू आणि सांडलेलं कुंकू

टीव्हीवर लढाईचा जुना सिनेमा लागला की फौजीणकाकू त्यातल्या नायिकेशी भांडायच्या. इंदापुरात आमच्या शेजारच्या खोलीत त्या एकट्या राहायच्या. नवरा सीमेवर शहीद झाला तेव्हा त्या जेमतेम पंचविशीच्या होत्या.

नायिका आगगाडीमागे धावू लागली की म्हणायच्या, "पळ बया, पळ. घरी म्हसरांना पानी कोन पाजायचं?" झाडाला टेकून पत्र वाचणारी, गाण्यातच रडणारी, सगळ्यांचा उद्धार व्हायचा. "ह्या पोरींना दोनच कामं. वाट बघायची न्हायतर रडायचं." मी मात्र तेच सिनेमे हुंदके देत बघून वाढले होते आणि हट्टानं फौजीशीच लग्न केलं होतं.

अंगाची हळद उतरायच्या आत ह्यांना सुट्टीवरून परत बोलावलं. सीमेवर तणाव, ह्यांचा फोन बंद आणि बातम्यांत नुसता धडाका.

अशात एका सकाळी देवापुढे कुंकवाचा करंडा माझ्या हातून निसटला. फरशी लाल झाली. सिनेमात इकडे कुंकू सांडलं की तिकडे गोळी लागतेच, हे लहानपणापासून पाहिलेलं. सासूबाईंनी तर मुकाट्यानं गॅस बंद केला. मयताच्या घरात करतात तसा.

काकू आल्या. फरशी पुसली, गॅस पेटवला आणि परात माझ्यापुढे सरकवली. "पीठ मळ."

"काकू, अपशकुन झालाय."

त्या समोर बसल्या. "आमचं हे गेलं त्या दिवशी माझ्या हातनं काय बी सांडलं न्हाय, पोरी. दिवा इझला न्हाय, बांगडी फुटली न्हाय. भनीच्या डोहाळजेवणाला गेलते. पोटभर जेवले, गाणी म्हटली." मग आवाज खाली आला. "सिनेमातल्या पोरीला कळतं. मला कसं कळलं न्हाय, ह्येच आजवर टोचतंय."

मी परात ओढून पीठ मळायला घेतलं. दुपारी ह्यांचा फोन आला आणि मी ढसाढसा रडले. काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या आपल्या खोलीत गेल्या.

गेल्या वर्षी काकू दुपारच्या झोपेतच गेल्या. त्यांची माझ्यावर माया तर आईसारखी होती. त्या वेळी मी बारामतीच्या एका दुकानात साड्या बघत, दुकानदाराशी हसत घासाघीस करत होते. मलाही काही कळलं नाही.