कामटी कुणाची

साहेबांनी माझ्या हातातून काठी काढून घेतली आणि रुमालाने तिची मूठ पुसली. माझ्यासमोर. आंबिवलीच्या गोल्फच्या मैदानावर, त्यांना कप मिळाला त्या संध्याकाळी. कमिटीच्या अध्यक्षांनी विचारलेलं, "तुमचा चेंडू एकदम सरळ कसा काय जायला लागला?" मी काठी उचलली, म्हटलं दाखवतो. तर साहेब हसले. "याला काय कळतंय? हा पिशवी उचलतो."

इंग्रज गेलेला. साहेब आपला मराठी माणूस. म्हणून तर मी जीव लावला.

मी कोपरीचा, मिठागरावरचा. बाप लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढायचा. फळी जरा तिरपी झाली की खालचा चिखल वर. मला धपाटा घालून सांगायचा, "मनगाट वलवू नको, फली सरल ठेव." पुढे मी साहेबांच्या काठ्यांची पिशवी वाहायला लागलो. त्यांचा प्रत्येक चेंडू उजवीकडे झाडांत, आणि शोधायला मी. महिनाभर काट्यांत फिरलो तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. अरे, ही तर मिठागरावरचीच चूक. काठी वर नेताना त्यांचं डावं मनगट मागे मोडायचं, काठीचं खालचं तोंड उजवीकडे उघडं पडायचं, चेंडू भरकटायचा.

सांगून पटेना. मग मी बांबूची कामटी त्यांच्या मनगटाला बांधली, म्हणजे ते मागे वाकणारच नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत, रोज सकाळी. तेव्हा माझा हात चालायचा त्यांना. म्हणायचे, "अरे, गुरू आहेस तू माझा. कप जिंकला की कमिटीला सांगतो, नव्या मेंबरांना शिकवायचं काम तुलाच." मी खुळा. बायकोला सांगून बसलेलो, मास्तर होणार म्हणून.

मूठ पुसून झाली तेवढ्यात अध्यक्षांना पिशवीत ती कामटी दिसली. काय आहे ते साहेबांनीच समजावलं.

"वा! युक्ती कुणाची?"

"माझीच."

माझ्याकडे बघत म्हणाले. नजरसुद्धा चुकवली नाही. शिव्या मी पुष्कळ खाल्ल्यात, त्या विसरतो. हे विसरत नाही. परक्याने केलं असतं तर एवढं लागलं नसतं.

शिकवायचं काम मुंबईच्या कुणालातरी गेलं. पुढच्या रविवारी साहेब, आता गरज नाही म्हणून, कामटी न बांधता खेळायला उभे राहिले. चेंडू पुन्हा झाडांत. जवळ येऊन हळूच म्हणाले, "अरे, बघ ना जरा, काय चुकतंय?"

मला दिसत होतं. मी पिशवी गवतावर ठेवली.

"कळतंय साहेब. सांगणार नाही."

"काम जाईल तुझं."

"जाऊ दे."

गेलं. बायकोने 'मास्तर' म्हणून टोमणे मारले, पुन्हा मिठागर गाठावं लागलं. वर्षाने दुसऱ्या मैदानावर लागलो. तिथे कुणीही येवो, पिशवीवाला येवो नाहीतर साहेब, मी शिकवतो. पण आधी बजावतो. चारचौघांत कुणी विचारलं तर मोठ्याने सांगायचं, कोपरीच्या मिठागरवाल्याने शिकवलं. तेवढं तोंडातून निघत नसेल, तर चालू पडा.