मोतीरामभाऊला काय आवडायचं

आज मोतीरामभाऊला अग्नी दिला. आणि त्याच्याबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही.

भाषणं भरपूर झाली. ती वेगळी.

बाळापूरला, मन नदीच्या काठी, चिता पेटल्यावर आपल्याकडच्या रीतीप्रमाणे शोकसभा सुरू झाली. आजी मंत्री बोलले, माजी मंत्री बोलले. "दोन्ही सभागृहं गाजवणारा नेता." एकाने तर भाऊचा मतदारसंघच चुकीचा सांगितला.

मी अमरावतीहून सकाळच्या एसटीनं गेलो होतो. सूत्रसंचालकाच्या कानाशी जाऊन म्हणालो, "शाळेतला मित्र आहे. दोनच शब्द बोलतो."

"काका, प्रोटोकॉल असतो. साहेबाईले पुढं अकोल्यात प्रोग्राम आहे."

म्हणून इथे लिहितो.

शाळेत आम्ही एका बाकावर. कवितेचा तास म्हणजे माझा सण आणि त्याची शिक्षा. पहिली ओळ खणखणीत म्हणायचा आणि थांबायचा. दुसरी मी बाजूनं पुरवायचो, ओठ न हलवता.

मी पुढे शाळामास्तर झालो, तो आमदार. पुन्हा पुन्हा झाला.

त्यानं बांधलेले रस्ते, पूल छापील पुस्तिकेत असतील. मला आठवतात त्या मयती.

पातूर असो की बाळापूर, पाटलाचं घर असो की विहाराजवळची मजुराची खोली, भाऊ हजर. खांदा देता देता घरच्या कोणाला तरी हळूच विचारायचा,

"बुढ्याले खायाले काय आवडे गा?"

आणि शोकसभेत तेवढंच सांगायचा. अमक्या बाबाला गुळाचा चहा बशीतच लागे. तमकी आजी आमसुलाशिवाय वरण खात नसे.

माणसं रडायची. मेलेला माणूस घटकाभर पाटावर येऊन बसायचा.

हे कशाला विचारतोस, म्हटलं एकदा.

"मास्तर, मोठेपणा सगळ्याईचा सारखाच सांगतात. जेवण ज्याचं त्याचं असते."

मग तिकीट कापलं. पक्षाला तरुण चेहरा हवा होता. भाऊला विधान परिषदेवर पाठवलं. अकोल्यात बॅनर लागले, फटाके फुटले. मीही अभिनंदनाचा फोन केला.

"खुर्ची मऊ आहे मास्तर. पण इथं माहं माणूस कोणी मरत नाही."

मी हसलो. तो हसला नाही.

आमदारांच्या मतांवर निवडून आलेल्याला कुठल्या गावची मयत? तरी तो यायचा. एकदा पातूरला मी सोबत होतो. नव्या आमदाराच्या माणसानं गाडीपाशीच गाठलं. गोड बोलला.

"भाऊ, तुमी आता वरच्या हाऊसचे. इथं काहून तकलीफ घेऊन राहिले? लोक कन्फ्यूज होतात."

त्या दिवशी सभेत भाऊचं नाव पुकारलं नाही. मागे, उरलेल्या लाकडांपाशी तो बसून राहिला. गेलेल्या बाईच्या लेकाला जे विचारलं होतं, ते तसंच घेऊन परत आला.

गाडीत म्हणाला, "माह्या टायमाले तू बोलजो. दुसरी ओळ तुलेच पाठ राहते."

त्यानंतर तो कोणाच्या मयतीला गेला नाही. परिषदेतही बोलला नाही म्हणतात. अमरावतीला आला की माझ्या गच्चीवर यायचा, अंधारेपर्यंत गप्प बसायचा. मी जुन्या कविता म्हणायचो. तो ऐकतो आहे असं मला वाटायचं. माहीत नाही.

तर ऐका.

मोतीरामभाऊला ज्वारीची शिळी भाकर आवडायची. वर तिखट आणि जवसाचं कच्चं तेल. मुंबईच्या आमदार निवासातही त्याच्या बॅगेत तेलाची बाटली असायची, आणि सगळे शर्ट तेलकट.

एवढंच होतं. साहेबांचा प्रोग्राम चुकला नसता.

आता घाटावर नुसती भाषणं होतील. माझ्या वेळी तर तीही नाहीत. विचारणारा गेला.

आज गर्दीत मागे उभा राहून मी ओठ न हलवता दुसरी ओळ म्हणून पाहिली. पहिली ओळ म्हणायला कोणी नव्हतं.

भाऊ, जा आता. हा माझा शेवटचा नमस्कार.